चार वाजताचा बाण

"गो, तुझो फोन बोंबलता!"

माझ्या आयुष्यातलं पहिलं रोमँटिक वाक्य हे असं होतं! मालवणच्या जेटीवर, सुकत घातलेल्या जाळ्यांच्या वासात... आणि मी हातात बांगड्यांची, म्हणजे मासळीची, पिशवी घेऊन घामाने थबथबलेली.

"फोन नाय, मीच बोंबलतंय," म्हणत मी पायरीवर बसकण मारली आणि दप्तरातली ग्लुकोजची पुडी फाडून तोंडात ओतली.

तो समोरच उभा होता. हातात होडीचा दोर. क्षणापूर्वी हाच मुलगा बेळगावकडच्या एका घाबरलेल्या आजींना होडीत चढवत होता — "बन्नी, बन्नी! हेदरबेडी!" आता त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या दंडावरच्या पांढऱ्या बटणाकडे.

सहावीत मला डायबेटिस निघाला. त्या बटणाच्या पोटातली केसाएवढी तार कातडीखाली बसते आणि साखर किती, वर चाललीय की खाली, ते फोनला सांगत राहते; फार उतरली की फोन बोंबा मारतो. दहावीपर्यंत मी भर उन्हात पूर्ण बाह्या घालायची. अकरावीत आले आणि म्हटलं, खड्ड्यात गेल्या त्या बाह्या! तेव्हापासून लोक एकतर न बघितल्यासारखं करतात, नाहीतर "अरेरे" म्हणतात.

हा "अरेरे" म्हणाला नाही. वाकून म्हणाला, "ह्यां तुका आतून बघता?"

"हां."

"सगळां?"

"फक्त साखर," मी म्हटलं... आणि उगाचच लाजले.

त्याचं नाव स्वरूप. बारावीत. त्याचे बाबा तुकाराम पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेतात आणि कॉलेज सुटलं की हा त्यांच्या मदतीला. कानडी, गुजराती, हिंदी — गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून उचललेली. इंग्रजी मात्र अडकायची. गोरा माणूस दिसला की स्वारी दोराच्या गाठी तपासायला लागे!

"तू माका इंग्लिश शिकव, मी तुका कानडी," तो म्हणाला. "बन्नी म्हणजे येवा. हेदरबेडी म्हणजे काय म्हायत आसा? भिया नकात. होडयेवाल्याक ह्यो एक शब्द इलो की झाला."

मग रोज कॉलेज सुटल्यावर, चार वाजता, त्याच पायरीवर आमची शाळा भरू लागली. शिकणं थोडं, प्रश्न जास्त. त्याला सगळंच जाणून घ्यायचं असायचं.

"बाण आडवो म्हणजे?"

"साखर जागच्या जागी."

"वर?"

"वाढतेय."

"आणि तू स्वप्ना खयच्या भाषेत बघतंस?"

हा कुठला प्रश्न! पण घरी गेल्यावर मी त्यावर खरंच विचार केला. घरात आम्ही कोकणी बोलतो, प्रार्थनाही कोकणीत. बाजारात मालवणी, कॉलेजात मराठी, मोबाइलवर इंग्लिश. साखर फार उतरली की मात्र बाकी सगळ्या भाषा पळून जातात आणि फक्त मम्मीची कोकणी उरते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं. तो हसला नाही, नुसता म्हणाला, "म्हणजे तू माझ्याशी कोकणीत बोलाक लागलंस की मी साखर घेऊन धावाचा. बरोबर?"

बरोबर, मी मनात म्हटलं. अगदी बरोबर.

पण घोळ दुसरीकडेच झाला. माझा आकडा आणि बाण मम्मीच्या फोनवरही दिसतो. रोज संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की तिचा प्रश्न तयार.

"कितें खालें गो तुवें? चार वाजले की तुजी साकर वयर चल्ल्या!"

"कांयच ना गे मम्मी."

"जेटीर खाज्यांचो गाडो आसा. म्हाका खबर ना?"

खाजी! गुळात घोळलेली, आल्याचा झणका असलेली... त्या गाड्यावरून वास येतो, हे मला मान्य. पण मी एका खाज्याला बोट लावलं असेल तर शपथ! मग बाण वर का जातो? आता मलाच कुतूहल. दुपारचा डबा बदलून पाहिला. तार नीट बसलीय ना, ते पाहिलं. बोटाला टोचून आकडा पडताळला. बटण खरं बोलत होतं.

बुधवारी स्वरूप आला नाही. इंजिनाचं काम निघालं म्हणून वडिलांबरोबर देवगडला गेला होता. मी मात्र त्याच पायरीवर, त्याच वेळी, त्याच खाज्यांच्या वासात बसून राहिले. बाण आडवा! हलेचना. समोरचं पाणीसुद्धा त्याहून जास्त हलत होतं.

गुरुवारी तो लांबून येताना दिसला. शर्ट वाऱ्याने फुगलेला, एक चप्पल हातात, कारण तिचा अंगठा तुटलेला. थोड्या वेळाने मी फोन बघितला. बाण वर.

अगं बाई...

डॉक्टरांनी कधीतरी सांगितलेलं आठवलं — परीक्षेची भीती असो की आणखी काही, छातीत धडधडलं की शरीर आपणहून साखर सोडतं. मी ते फक्त परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं.

शुक्रवारी मम्मीने मला समोर बसवलं. मम्मी शाळेत शिकवते. ती साधी रागावली की कोकणीत ओरडते, पण राग खरा असला की एकदम पुस्तकातली मराठी सुरू होते.

"रॉविना, तू माझ्याशी खोटं बोलते आहेस. उद्यापासून कॉलेज सुटलं की थेट घरी यायचं. जेटी बंद."

जेटी बंद म्हणजे पायरी बंद, प्रश्न बंद... स्वरूप बंद. खरं सांगावं तर लाज, न सांगावं तर खाजीचोर!

"उद्याचा एकच दिवस दे," मी म्हटलं. "तू फोनवर बघत राहा. मी फक्त पाणी पिईन. मग काय ते सांगते."

तिने मान डोलावली.

शनिवारी मी पायरीवर बसले, शेजारी पाण्याची बाटली. बाण आडवा. स्वरूप आला, धप्पकन बसला आणि नवीन चप्पल दाखवू लागला. मी फोन त्याच्या हातात दिला.

"वाच."

तो आता बाण वाचण्यात पटाईत झाला होता. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वर चल्लो... काय खाल्लंस? खाजी?"

"तू पण!" मी ओरडले. "कायच नाय खाल्लंय. मागचे दिवस बघ. रोज चार वाजता."

बोटाने सरकवत तो एकेक दिवस मागे गेला. सगळे दिवस डोंगरासारखे. बुधवारवर थांबला.

"ह्यो दिवस सपाट कसो?"

"तूच सांग."

"बुधवारी तर मी देवगडाक..."

बापड्याला इतक्या भाषा येत होत्या, त्या क्षणी एकही कामाला आली नाही. कान लाल झाले. मांडीवरचा होडीचा दोर घसरून पाण्यात पडला तरी त्याला पत्ता नाही.

लाटा पायरीवर येऊन फुटत होत्या. मला वाटलं, आता हा उठून जाणार... मग मी रोज कुठल्या तोंडाने या जेटीवर मासे घ्यायला येऊ?

"रॉविना," शेवटी तो म्हणाला, "तसलां बटण माझ्या हातार पण लाव मगे."

"कित्याक? तुका खंय डायबेटिस आसा?"

"नाय. पण तुझाच एकटीचा कित्याक दिसाचा?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "माझोपण बाण तुका दिसांदे."

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मम्मी!

"वयर गेली," ती म्हणाली. "उदकच पियेलां मगो?"

"हां."

"मागीर?"

मी डोळे मिटले. "मम्मी... स्वरूप आयलो."

मी पुस्तकातल्या मराठीची वाट बघत होते. 'रॉविना, मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' असं काहीतरी. एक लाट आली. दुसरी आली.

"कोण स्वरूप?" तिने विचारलं. "आमकां बांगडे विकता त्या पार्वतीचो झील?"

"हां."

आणि मग, माझी शपथ, मला ती हसल्यासारखी ऐकू आली.

"उदक पी. चार पावलां चल. आनी येतना ताका घरा हाड. पळोवंया तरी, इतलो गोड कोण तो."

घरी आण, बघूया म्हणे त्याला! आणि सगळं कोकणीत!

मी फोन ठेवला. स्वरूप श्वास रोखून बसला होता. "काय म्हणाली?"

"तुका घराक बोलावल्यान. आताच."

त्याचा चेहरा बघायला हवा होता! वादळात होडी हाकणारा मुलगा, पण नवीन चप्पल घातलेले त्याचे पाय जागचे हलेनात. त्याच्या दंडावर बटण नव्हतं, तरी त्याचा बाण मला लख्ख दिसत होता — सरळ वर, आभाळात.

मी उठले आणि त्याच्यापुढे हात केला.

"बन्नी," मी म्हटलं. "हेदरबेडी."