पुसायचं नाही, मिळवायचं

चौथ्या मजल्यावरची काचेची खोली मी राखून ठेवली होती, आणि आत एक भलताच माणूस काचेवर गोल आणि बाण काढत उभा होता.

"ही वेळ माझी आहे," मी हळूच म्हटलं.

"खोली तुमची, काच माझी… पाच मिनिटं?" त्याच्या नाकालाही मार्करची शाई लागली होती. मला हसू आवरेना.

तो फ्रेमवर्कच्या गटातला. फ्रेमवर्क म्हणजे मशीनला शिकवायचं सॉफ्टवेअर; ते मी रोज वापरायची, पण त्याच्या पोटात काय चालतं, ते ठाऊक नव्हतं. आता त्याच गटात एक जागा निघाली होती. अट एकच — तसलंच छोटंसं फ्रेमवर्क स्वतःच्या हातानं लिहून गुरुवारी दाखवायचं. माझी इथली मुदत संपत आली होती; जमलं तर इथेच कायम. नाहीतर आईच्या गावी, जुन्या ऑफिसात परत.

"उत्तर चुकलं की उलट्या पावली निघायचं," त्यानं एका बाणावर बोट ठेवलं. "वाटेतल्या प्रत्येक आकड्याला विचारत — या चुकीत तुझा वाटा किती?"

"दूध उतू गेलं की आमची आई घरभर विचारत फिरते, तसं?"

"अगदी! फक्त जरा कमी आवाजात."

त्या पाच मिनिटांची रोजची संध्याकाळ झाली. काचेपलीकडे पाऊस, अलीकडे आम्ही… आणि दोघांत एकच मार्कर.

बुधवारी मात्र माझं घोडं अडलं. साधा हिशेब — तीन गुणिले तेच तीन. तीनला जरासा धक्का दिला तर उत्तर त्याच्या सहापट हलायला हवं. माझं फ्रेमवर्क म्हणे, तीनपट!

"सांगा ना, कुठे चुकलं!"

"नाही सांगणार."

"दुष्ट आहात."

"आहे." पण मान खाली, आणि मार्करचं टोपण उघड-मीट, उघड-मीट…

मी रुसून पाठ फिरवली. पुन्हा गोल काढले. एकाच तीनातून दोन बाण निघत होते. म्हणजे परतताना दोन वाटे यायला हवेत. आणि मी? दुसरा लिहिताना पहिला पुसून टाकत होते!

"पुसायचं नाही — मिळवायचं!" मी ओरडलेच. पडद्यावर सहा उमटले.

त्यानं असा श्वास सोडला, जणू परीक्षा त्याचीच होती.

"तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"कालपासून, कोड वाचला तेव्हाच. घास उतरला नाही. पण उद्या गटाचे वरिष्ठ विचारतील, 'असं का?' … तेव्हा मी शेजारी नसणार ना."

माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

गुरुवारी त्यांनी नेमकं तेच विचारलं. मनात देवाचं नाव घेतलं आणि सांगत गेले. बाहेर आले, तर तो जिन्यापाशी उभा.

"काय झालं?"

"इथेच राहायचं झालं."

तो म्हणाला, "उद्याची रजा टाकली होती… तू निघाली असतीस, तर स्टेशनपर्यंत बॅग घेऊन यायला."

"आणि तिथे काय म्हणणार होतात?"

"जाऊ नकोस." त्याचे कान लाल झाले. "एवढंच… तेही पाठ केलं होतं."

माझी नजर आपोआप पायरीवर गेली.

"आईला बातमी सांगायला उद्या मी जाणारच आहे," मी म्हटलं. "बॅग जड आहे… घरापर्यंत आणशील?"