हरलेल्याच्या घरी

"या घरात रोमानियन बोलायचं."

रेमुस ओरडला नाही. चमचा ताटलीच्या कडेला ठेवून, सुपाच्या वाफेकडे बघत तो इतक्या शांतपणे हे म्हणाला, की क्षणभर पिरोश्काला वाटलं, तो आपल्या लेकीला, इलिंकालाच काहीतरी सांगतोय. पण इलिंका निमूट जेवत होती. बोलत होती ती पिरोश्काच... फोनवर, हलक्या आवाजात, खेड्यात राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीशी, एटेल्काशी, हंगेरियनमध्ये.

पिरोश्काचा चेहरा उतरला. फोन तोंडाशी धरून ती रोमानियनमध्ये म्हणाली, "मी नंतर बोलते."

पलीकडे एटेल्का गोंधळली. "कोण बोलतंय?" तिने विचारलं. पाठच्या बहिणीने तिच्याशी या भाषेत कधी तोंडच उघडलं नव्हतं.

रेमुस काही पिरोश्काच्या पोटचा नव्हता. पण रोमानियन-हंगेरियन मिश्र वस्तीचं रोमानियातलं सारं तुर्गु मुरेश शहर हे विसरलं होतं, आणि ती स्वतःही विसरली होती. मुलांच्या इस्पितळात ती परिचारिका असताना बस चालवणारा त्रायान आपल्या आईवेगळ्या, तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन आला होता. ते पोर तिच्या खांद्याला असं बिलगलं, की ताप उतरल्यावरही सोडेना! त्रायानशी तिचं लग्न झालं ते नव्वद सालच्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी मार्चमध्ये गावच्या चौकात रोमानियन आणि हंगेरियन काठ्या घेऊन एकमेकांवर धावले होते, आणि अशा लग्नाकडे दोन्हीकडची माणसं डोळे वटारून बघत होती. सासूने एकच अट घातली, "माझ्या नातवाच्या कानावर तुझ्या भाषेतला एक शब्दही पडता कामा नये." पिरोश्काने ती मान्य केली. सासू गेली, पुढे त्रायानही गेला, पण तिने शब्द मोडला नाही. पोराला निजवताना ओठांवर येणारी आईची गाणी तिने गिळून टाकली, मनातलं सारं वात्सल्य परक्या शब्दांत ओतलं, आणि त्याचं तिला कधी दुःखही वाटलं नाही... कारण बदल्यात तो तिला 'आई' म्हणत होता.

तोच रेमुस ऑस्ट्रियात कित्येक वर्षं बांधकामावर राबून परतला तो जणू दुसराच कुणी होऊन. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तो एका उमेदवाराच्या सभांना जाऊ लागला. देश आधी आपल्या माणसांचा, असं तो उमेदवार म्हणे, आणि 'आपली माणसं' म्हणताना तो कुणाला वगळतोय हे हंगेरियनांना सांगावं लागत नव्हतं. पहिल्या फेरीत तोच सर्वांत पुढे निघाला; आता पहिल्या दोघांत निर्णायक दुसरी फेरी व्हायची होती. चर्चमधून बाहेर पडताना बायका कुजबुजू लागल्या, मुलांना बुडापेस्टला पाठवायच्या गोष्टी करू लागल्या. बसमध्ये एकमेकींशी बोलताना पिरोश्का आणि तिच्या मैत्रिणी आधी आजूबाजूला बघून घेत. पण घरात? घरात असं बघावं लागेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

जेवणानंतर तिने बॅग भरली. सून सान्दा दारात आडवी उभी राहिली. "आई, त्याचं बोलणं काय मनावर घेता? निवडणूक संपली की येईल ताळ्यावर."

"मी भांडून जात नाहीये गं," पिरोश्का म्हणाली. "मला जरा मोकळेपणी बोलायचंय, इतकंच."

रेमुस अंगणात गाडी धूत होता. ती जवळून गेली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

एटेल्काच्या घरी ती मन भरून बोलली. पण बोलता बोलता शब्द अडत होते, आणि एटेल्का हसत होती. "पिरी, अगं तू तर पाहुणीसारखी बोलतेस. दुधाच्या साईला काय म्हणतात, तेही विसरलीस?" संध्याकाळी शेजारणी जमत. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती. पण भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही. एक दिवस एक जण म्हणाली, "ते रोमानियन सगळे एका माळेचे मणी. त्यांच्या पोटात पहिल्यापासून विषच."

"माझा मुलगा रोमानियन आहे," पिरोश्का म्हणाली.

"त्यानेच ना तुला घराबाहेर काढलं?"

"मी स्वतः आले. आणि त्याच्या पोटात काय आहे ते मला विचारा. लहानपणी त्याला घास मी भरवलाय."

शेजारणी खाली मान घालून उठल्या. त्या रात्री तिच्या काळजात एक कळ उमटली... तिथे ती हंगेरियन होती, इथे रोमानियनाची आई. पुरती कुणाची?

दुसऱ्या फेरीत तिने खेड्यातच मत दिलं, त्या उमेदवाराच्या विरुद्ध. आणि तो हरला. गल्लीत माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली, एटेल्काने आलुबुखाराची दारू काढली. पिरोश्काच्या छातीवरचाही दगड उतरला होता, नाही असं नाही. पण हातातला पेला तसाच राहिला.

"काय झालं, पिरी? आपण जिंकलो की."

"हो ताई. पण तो एकटाच बसला असेल."

सकाळच्या पहिल्या बसने ती परतली. सान्दा कामावर गेली होती, इलिंका शाळेत. रेमुस स्वयंपाकघरात दाढी न करता बसला होता.

"आलीस हसायला?"

"जेवलास का काल?"

तिने अंडी फोडली, पाव कापला, ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि समोर बसली.

"तुम्ही लोक खूश असाल."

"आहे मी खूश. खोटं कशाला बोलू? पण रेमुस, तू असा नव्हतास. तिकडे तुला काय झालं?"

तो बराच वेळ पावाचे तुकडे करत राहिला. मग तुटक तुटक बोलू लागला. दुपारच्या सुट्टीत तो घरी फोन लावायचा. मुकादम सगळ्यांसमोर खेकसायचा, इथे ती भाषा बोलायची नाही, बोलायचं तर आपल्या देशात जा. बाकीचे हसायचे. "मग मी फोन करणंच सोडलं. वाटायचं, निदान आपल्या देशात तरी कुणी..."

तो एकदम थांबला. स्वतःचेच शब्द जणू त्याच्या कानावर आता पडले. फोन येईनासे झाले ती वर्षं पिरोश्काला आठवली. पोरगा आपल्याला विसरला, असं समजून तिने किती आसवं ढाळली होती!

"आई," तो खाली बघत म्हणाला, "तू घाबरली होतीस? त्याला, त्या आमच्या माणसाला?"

"त्याला कमी," ती म्हणाली. "तुला जास्त."

रेमुसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलू लागले. ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्यामागे गेली, आणि तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढच्या वेळीही मी त्याच बाजूला मत देईन कदाचित," थोड्या वेळाने तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"दे. मत तुझं आहे. पण या घरात आता मी तोंड दाबून राहणार नाही. तुझ्या आजीला दिलेला शब्द मी पुरेपूर पाळला, तो संपला. इलिंकाला मी माझी भाषा शिकवणार. तुला विचारत नाहीये, सांगतेय."

थंड झालेली अंडी त्याने पुढे ओढली, एक घास खाल्ला, चावून चावून गिळला.

"शाळेचा अभ्यास झाल्यावर," तो म्हणाला.

"झाल्यावरच," पिरोश्का म्हणाली, आणि बॅगेतले कपडे कपाटात लावायला गेली.