चुन्याची पट्टी

"चुन्याच्या भिंतीवर सिमेंट फासलं, तिथेच त्या हॉलचा जीव घेतला दुरुस्तीवाल्यांनी. पाणी आतच मुरत राहिलं. आणि वर सत्कारही त्यांचेच झाले!" होस्टेलच्या ओट्यावर भगवंतराव म्हणाले. कॉलेजचे जुने कारकून ते.

"बाबा, पन भूत कवा येते?" एका पोरानं विचारलं.

"थांब बे. पह्यले भिंत तं येऊ दे."

गोष्ट त्यांच्या नीळकंठ सरांची. नांदुऱ्याकडचं कॉलेज, साल सदुसष्ट. आवारातला जुना दगडी हॉल पाडायचं घाटत होतं आणि इतिहासाचे नीळकंठ सर एकटे आडवे आले होते. मागच्या भिंतीला उभी भेग होती. सरांनी तुळशीराम गवंड्याकडून तिच्यावर चुन्याची आडवी पट्टी मारून घेतली, तारीख कोरून घेतली. महिनाभर पट्टी अखंड राहिली, तर भिंत पक्की. तडकली, तर भिंत हलतेय. मग हॉल जाणार.

तुळशीरामच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. "पट्टी खोटं बोलत नाही, सर," तो म्हणाला होता. पंधरा दिवसांनी तो तापानं गेला.

श्रावणातला सोमवार. रात्रीचे साडेदहा. महिना भरला होता. सकाळी पट्टी तपासायला इंजिनिअर यायचे होते, म्हणून सर पट्टीवरची तारीख टिपून घ्यायला हॉलमध्ये गेले. कंदील वर धरला.

पट्टी मधोमध तडकली होती.

सरांना राग आला नाही. रडूही नाही. कोपऱ्यात तुळशीरामचा चुना पाण्याखाली भिजत होता. सरांनी तडकलेली पट्टी काढली, नवी मारली, जुनीच तारीख कोरली. हात दुसऱ्याचेच असावेत तसे चालत होते.

कंदील विझला.

"कोण आहे?"

...

भिंतीवर खरखर. अगदी जवळ. थांबली. पुन्हा...

सरांच्या पायांवर ओला चुना पडत होता. ते उभेच राहिले. भीतीसुद्धा वाटेना.

सकाळी भेग उघडी होती. इंजिनिअरनी एक नजर टाकली आणि भिंतीलगतच्या वर्गातून सत्तर पोरं बाहेर काढली. दुपारी तीनला भिंत बसली. कोणाला खरचटलंही नाही.

ढिगाऱ्यात एक दगड उताणा पडला होता. त्यावरच्या चुन्यात बोटांनी ओरबाडल्याच्या रेघा. तीनच.

आवार झाडणारी झुंबरबाई, तुळशीरामची बायको, खाली बसली. तिनं पदरानं दगड पुसला.

"त्यायचाच हात हाय, सर. लबाडीचं काम त्यायले कधी चाललंच नाही."