पायांचं पाकीट

माझं काम तसं सरळ आहे. शहरात कुणी गोळ्यांच्या किंवा नशेच्या अतिमात्रेने गेलं, की पोलिसांच्या मागोमाग मी त्या खोलीत जाते. माणूस मुद्दाम गेला की चुकून, ते खोली बघून सांगायचं आणि ऑफिसात परतल्यावर तो मृत्यू भिंतीवरच्या आलेखाच्या रेषेत मिळवायचा. बहुतेक जण चुकूनच गेलेले असतात. मरायला निघालेला माणूस कपडे भिजत घालत नाही, की मांजरासाठी ताटलीत दूध काढून ठेवत नाही.

ती रेषा आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर लांबलचक भिंतीवर आहे. सुरुवातीला ती बुटकी आहे. ते दुखण्यावरच्या गोळ्यांचे मृत्यू. पुढे गोळ्या सहज मिळेनात, तशी माणसं गर्दच्या पुडीकडे वळली. आगीतून फुफाट्यात. मग पुडीत कुठल्याशा कारखान्यात बनलेली, नखावर मावेल एवढ्यातही जीव घेणारी भुकटी मिसळली जाऊ लागली, आणि रेषा जी चढली ती चढतच राहिली. लोकांना वाटतं, पुलाखाली पडलेली तरुण पोरं मरतात. आमच्या रेषेत जास्त करून पन्नाशीच्या आसपासची माणसं आहेत, भाड्याच्या एकेका खोलीत राहणारी, दार आतून लावून घेणारी. दार लावलेलं असतं म्हणूनच ती मरतात. शेजारी कुणी असेल, तर नाकात उताऱ्याच्या औषधाचा एक फवारा मारून त्यांना परत आणता येतं. तो फवारा कायम माझ्या पिशवीत असतो.

रेषेच्या त्या बुटक्या भागात माझी आई आहे. हॉस्पिटलात आया होती, अंगाला कायम फिनेलचा वास. गुडघे धरले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. एका दुपारी तिने गोळी घेतली, घेतल्याचं विसरली, पुन्हा घेतली, पुन्हा विसरली. एवढंच झालं. उरलेल्या गोळ्या कपाटात राहिल्या. पुढे बेकरीत पिठाची पोती उचलताना माझ्या धाकट्या भावाची पाठ भरली, तेव्हा त्याला त्या सापडल्या. त्यानंतरची त्याची वर्षं भिंतीवरच्या रेषेसारखीच गेली. तो जिवंत राहिला, एवढाच फरक.

गेल्या उन्हाळ्यापासून तो त्यातून सुटला आहे. बेकरीत रात्रपाळी करतो, सकाळी गरम पाव घेऊन येतो आणि दिवसभर माझ्या घराच्या मागच्या खोलीत झोपतो. लहानपणी जागचा हलायचा नाही म्हणून मी त्याला ठोंब्या म्हणते. त्याच्या दाराची कडी मी काढून टाकली आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"ताई, आता न्हाणीघराची पण काढतेस का?" असं त्याने मला विचारलं होतं. ती पण काढली. मला जगात त्याच्याशिवाय कुणी नाही आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पहिली खोली एका शिंप्याची होती. दार आतून बंद होतं, पोलिसांनी तोडलं. खिडकीत ऊन, मशीनखाली कापडाच्या चिंध्या, आणि पलंगावर शिंपी, झोपल्यासारखा. आमचा फोटोवाला तोंडाचा फाटका आहे, मेलेल्यांसमोर गप्प बसणं त्याला अपशकुन वाटतो.

"पाय बघा कसे बांधलेत," तो म्हणाला. "आमच्याकडे ब्लँकेट ओढण्यावरून रोज महाभारत होतं. हे बायकोला शिकवायला पाहिजे."

मी वाकून पाहिलं. ब्लँकेटचं टोक टाचांखाली ओढलेलं, उजवी बाजू आत, तिच्यावर डावी, आणि उरलेला कोपरा करंगळीपाशी नीट खोचलेला. आम्ही भावंडं त्याला पायांचं पाकीट म्हणायचो. ही आईची स्वतःची रीत होती. वॉर्डात पेशंटना ती असंच पांघरूण घालायची, आणि घरी आम्हाला. "पाय गरम तर माणूस गरम," म्हणायची. ती डावखुरी, त्यामुळे कोपरा उलट्या बाजूने आत जायचा. मी उजव्या हाताची. मला ते कधीच जमलं नाही, माझा कोपरा सुटायचा. भावाला जमायचं. तोही डावखुरा आहे.

पाकिटाची आणखी एक गोष्ट म्हणजे ते स्वतःचं स्वतःला करता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी पायथ्याशी उभं राहून करावं लागतं.

 जगात पांघरूण घालणारी एक माझीच आई होती असं थोडंच आहे, असं म्हणून तो विषय मी मनातून काढला.

पंधरवड्याने शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या खोलीत मला ते पुन्हा दिसलं. तीच दुमड, तोच उलटा कोपरा. खोलीत फिनेलचा अगदी पुसट वास होता, बाईंच्या घरात मात्र फिनेलची बाटली नव्हती. मोठे डॉक्टर स्वतः आले होते. ते बराच वेळ बाईंच्या पायांना हात लावून उभे राहिले.

"इथे हीटर होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बाकी अंग गार आहे. पाय अजून..." त्यांनी रुमालाने हात पुसले.

शेजारीण दारातच उभी होती. भिंत पातळ, म्हणाली, सगळं ऐकू येतं. "दुपारी कुणीतरी आलेलं होतं हो त्यांच्याकडे. बाईमाणूस. मला वाटलं बहीणबिहीण असेल. झोप आता, झोप, मी आहे, असं चाललं होतं. इतकं गोड, की माझाच डोळा लागला."

पोलीस म्हणाले, दार आतून लावलेलं होतं, रेडिओ असेल. मीही मान डोलावली.

पण रेडिओ पांघरूण घालत नाही. ते पाकीट घालता येणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक गेलेलं, आणि दुसरं माझ्या मागच्या खोलीत झोपलेलं. पुडी घेणारी माणसं एकमेकांना ओळखतात. ठोंब्या पुन्हा त्यांच्यात जाऊन बसत असेल, आणि एखादा गेला की त्याला पांघरूण घालून, आतली कडी पडेल असं दार ओढून निघून येत असेल, असं मला वाटायला लागलं. तसं असेल तर आज ना उद्या त्याच्याच खोलीत फोटोवाला उभा राहणार होता. बाईमाणसाचा आवाज या हिशोबात बसत नव्हता, तेवढा मी बाजूला ठेवला.

सकाळी तो पाव कापत असताना मी विचारलं, "त्या चौकातल्या शिंप्याला ओळखायचास तू?"

"पँटी आखूड करून द्यायचा. का?"

"त्याच्या खोलीवर गेला होतास कधी?"

सुरी थांबली. "ताई, झडती घ्यायची तर सरळ घे. खिसे दाखवू? दंड दाखवू?"

"मी नुसतं विचारलं."

"तू नुसतं कधीच विचारत नाहीस," तो म्हणाला आणि पाव तसाच टाकून झोपायला गेला. त्याचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, पण संशय गेला नाही.

तिसरी खोली एका टॅक्सीवाल्याची. फोटोवाला वाटेत अडकला होता, पोलीस जिन्यात घरमालकिणीशी बोलत होते. मी आत एकटीच होते. पडदा हलत होता आणि त्यातून येणारं ऊन पलंगावर सरकत होतं. पाकीट होतंच.

फोटो निघायच्या आधी खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. ती दुमड बघून माझ्या भावाचं नाव कुणाच्याही मनात येणार नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. मी कोपरा ओढला, डावी बाजू सोडली, उजवी सोडली आणि ब्लँकेट सैल करून टाकलं. आतले पाय ऊबदार होते, नुकतेच कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखे.

घरी आले तर भाऊ उठून पलंगावर बसला होता. चहाचा कप हातात, पण प्यायलेला नव्हता.

"काय रे?"

"आई आली होती स्वप्नात."

"बरं मग?"

"चिडली होती गं." तो हसल्यासारखा झाला. "वॉर्डात कुणी पसारा केला की कशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, तशी पायथ्याशी उभी होती. म्हणाली, मी मेलं एवढं नीट पांघरूण घालते, ते उसकटतं कोण?"

शिंप्याबद्दल विचारलं त्यापलीकडे मी त्याला त्या खोल्यांबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. पाकिटाचं तर नाहीच, आणि ते मी सोडलं हे कुणालाच माहीत नव्हतं.

माझा त्याच्यावरचा संशय तेव्हा संपला. त्या जागी जे आलं त्यापेक्षा संशय बरा होता. रात्री तो बेकरीत गेल्यावर मला एकाच गोष्टीने झोप लागू दिली नाही. ते पाकीट माणूस गेल्यावर घातलं जातं, की आधी? मी ते फक्त मेलेल्या पायांवर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. घरातली सगळी ब्लँकेटं, चादरी, अगदी शालसुद्धा कपाटात कोंबून कुलूप लावलं. उकाडाच होता.

"आता माझ्या पांघरुणावर पण पहारा का?" भाऊ म्हणाला.

"झोप गुपचूप."

तो झोपला. मी त्याच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसले आणि त्याची दोन्ही पावलं हातात धरली. टाचांच्या भेगांत पीठ होतं. खोलीत पावाचा वास होता. बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं, एकेक पायरी, सावकाश. पडदा आत यायचा, बाहेर जायचा. मी जागी राहणार होते.

झाडू थांबला असावा. फिनेलचा वास आल्याचं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

कपाटाचं कुलूप तसंच होतं.

आत कोंबलेलं निळं ब्लँकेट त्याच्या पायांवर होतं. टोक टाचांखाली. उजवी बाजू आत, वर डावी. कोपरा करंगळीपाशी खोचलेला, बाहेरून.

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत आत होते.

त्याची छाती वर गेली. खाली आली. मग बराच वेळ वर गेलीच नाही. मग गेली.

म्हणजे ते आधी घातलं जातं.

आत इतकी ऊब होती की हात काढावेसे वाटेनात. खरं सांगते, वाटेनात. डोकं त्याच पायांवर टेकवून पुन्हा डोळे मिटावेत, एवढंच वाटत होतं.

मी हात ओढले. कोपरा उचकटला, दुमड सोडली, ब्लँकेट खेचून जमिनीवर फेकलं, पिशवीतून फवारा काढला आणि त्याच्या नाकात मारला.

तो शिंकत, खोकत उठून बसला. "काय करतेयस! मी काही घेतलं नाहीये ताई, आईशपथ!"

"माहितेय," मी म्हणाले आणि त्याला धरून रडले.

दुसऱ्या दिवशी त्याची तपासणी करून घेतली. त्याच्या अंगात काहीही निघालं नाही. अंगात काही नसेल तर तो फवारा काही करत नाही. पण नाकात नुसतं पाणी गेलं तरी माणूस उठतोच, असं मी स्वतःला सांगितलं.

आता भिंतीवरची रेषा उतरते आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि चढली होती त्याहून जास्त वेगाने. मोठे डॉक्टर सभेत म्हणाले, फवारे घरोघर वाटले त्याचं हे फळ आहे. कुणी म्हणालं, पुडीतली भुकटीच बदलली असेल. फोटोवाला म्हणतो, असंच चाललं तर त्याला लग्नाचे फोटो काढायला लागावं लागेल. सगळे हसले. मीही हसले. असेलही तसं. मी काही बोलत नाही, कारण मला दिसतं ते रेषेत दाखवता येण्यासारखं नाही. मला एवढंच दिसतं, की आईला आता दुसरीकडे जायला वेळ नाही.

दुपारी घरी जायची परवानगी मी मागून घेतली आहे. रोज जाते. रोज ते पाकीट घातलेलं असतं आणि रोज मी ते उसकटते. आधी कोपरा, मग डावी बाजू, मग उजवी. सुरुवातीला एका हाताने सुटायचं. हल्ली दोन्ही हात लावावे लागतात. काल नख तुटलं.

आज मी कोपऱ्याशी झटत होते तेव्हा भाऊ जागा झाला. डोळे न उघडताच त्याने माझ्या हातावर हात ठेवला. त्याचा तळवा ऊबदार होता.

"ताई," तो म्हणाला, "राहू दे ना गं, एखादा दिवस."