दाराशी थबकणारा हात

"डोळे घट्ट बांधा, पण नाक मोकळं ठेवा. कालच्या सरावात ती गुदमरली होती," वकिलाने जाहीर केलं आणि इस्त्रीखात्यात हशा पिकला.

घुमी हसली नाही. तेरा वर्षांच्या आयुष्यातला तिचा हा पहिला प्रयोग होता. धुलाई कारखान्यातल्या बावीस जणी आणि सहा जण जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून तिच्याकडे पाहत होते. त्यांत तिची आईही होती. मागच्या भिंतीला टेकून उभं असलेलं वाफेचं मोठं इस्त्रीयंत्र आईच्या ताब्यात होतं.

घुमी कमी बोलायची, म्हणून घुमी. तिचा मावसभाऊ इतका बोलायचा की त्याला सगळे वकील म्हणत. त्याची नऊ वर्षांची बहीण बारीक आणि टोचरी, म्हणून टाचणी. भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती आणि वाचनालयातलं एक जुनं पुस्तक तिघांच्या हाती लागलं होतं. मनकवडा कसं व्हावं, याचं.

पुस्तकात जादू नव्हती. एकाने वस्तू लपवायची आणि त्या जागेचाच विचार करत राहायचं. मनकवड्याने त्याचं मनगट धरून चालायचं. माणूस तोंड मिटतो, पण हात गप्प बसत नाही. बरोबर दिशेला तो हलका होतो, चुकीच्या दिशेला जड. पहिले चार दिवस घुमीला काहीच जमलं नव्हतं, कारण तीच समोरच्याला ओढत होती. "मी काय भाजीची पिशवी आहे का?" असं टाचणीने विचारल्यावर ती ओढायची थांबली आणि ऐकायला शिकली.

आज मनगट होतं वाफवालेकाकांचं. तीस वर्षं बॉयलर सांभाळणारे काका सगळ्या पोरांचे लाडके होते. त्यांनी बटण लपवलं होतं.

खिडकीकडे हात जड. घड्या घालायच्या टेबलांकडे जरा हलका. घुमी वळली. मागच्या लोखंडी दाराजवळून जाताना मात्र हाताने तिसरंच काही केलं. तापल्या पातेल्याला बोट लागावं तसा तो झटकन मागे आला. बोटं गार पडली. मनगटातली नाडी धावत सुटली.

सापडलं असं वाटून ती दाराकडे वळली. काका जागच्या जागी थांबले.

"तिथं नाही गं, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले.

बटण टेबलावरच्या एका एप्रनच्या खिशात निघालं. मंडळी हसली, टाळ्याही वाजवल्या. पहिल्या फटक्यात कुणाला जमतं, असं आई म्हणाली.

संध्याकाळी घुमीने दोघांना सांगितलं, की ती चूक नव्हती. चुकीची दिशा कशी लागते ते तिला ठाऊक होतं. हे वेगळं होतं.

"कसं वेगळं? पुरावा?" वकील म्हणाला.

"काका घाबरले होते. त्या दाराला."

त्या दारामागे बॉयलर होता. दुसऱ्या दिवशी तिघं कारखान्याच्या मागच्या अंगणात गेली. टाचणी वकिलाच्या खांद्यावर चढली आणि उंच झरोक्याच्या जाळीला डोळे लावून जे दिसेल ते सांगू लागली. मोठं पिंप आडवं निजलंय. वर एक लांब दांडी आहे. दांडीच्या टोकाला वजन आहे. त्याच्या शेजारी आणखी एक वजन आहे, ते तारेने बांधलंय. तबकडीतला काटा तांबड्या रेघेच्या पुढे गेलाय आणि थरथरतोय.

"उतर," घुमी म्हणाली. ती छपरावरच्या नळीकडे पाहत होती. गेल्या सुट्टीत त्या नळीतून दिवसातून पाच-सहा वेळा वाफेचा फवारा सुटायचा आणि कबुतरं उडायची. या सुट्टीत तो आवाज एकदाही झाला नव्हता. कबुतरं नळीच्या तोंडावरच निवांत बसली होती.

वकिलाने नळीवरून नजर झरोक्याकडे नेली. मग म्हणाला, "म्हणजे कुकरच्या शिट्टीवर दगड ठेवलाय."

तिघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीला पलीकडून आईचं यंत्र टेकलेलं होतं.

घुमीने त्याच रात्री जेवताना आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि मान हलवली. काकांना तीस वर्षांचा अनुभव आहे, झरोक्यातून बघून पोरांना काय कळणार, उगाच कुणाच्या पोटावर पाय आणू नकोस. पण आईने आणखीही एक सांगितलं. सोमवारपासून मोठ्या इस्पितळाच्या चादरी येणार होत्या. काम दुप्पट, म्हणून वाफही वाढवायची होती.

वकील सरळ मालकांकडे गेला. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, हातावर गोळी ठेवली आणि मागच्या अंगणात पोरांनी फिरकायचं नाही अशी ताकीद दिली.

"गोळी खाल्लीस?" टाचणीने विचारलं.

"पुरावा म्हणून ठेवलीय," वकील म्हणाला. खिशात नुसता कागद होता.

शनिवारी इस्पितळाच्या मेट्रनबाई कारखाना पाहायला येणार होत्या. त्यांच्यासमोर पुन्हा प्रयोग करायचा, असं वकिलाने ठरवलं. घुमीने काकांना दाराशी न्यायचं आणि सगळ्यांपुढे उघडं पाडायचं. घुमीला ते पटेना. पुस्तकात लिहिलं होतं, की समोरच्याने दिलं तेवढंच घ्यावं. काकांनी ते गुपित दिलं नव्हतं, त्यांच्या हातातून निसटलं होतं. शुक्रवारभर ती इस्त्रीखात्यात चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. भिंतीमागची घरघर तेवढी ऐकत राहिली. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "मी नेणार नाही. मी विचारणार आहे."

मेट्रनबाई खुर्चीवर बसल्या. मालक शेजारी हसत उभे राहिले.

"नियम एकच," वकिलाने घसा साफ केला. "मनकवडी ज्या दाराशी थांबेल, ते दार उघडायचं. मालक, कबूल?"

"कबूल. हवं तर माझं कपाटही उघडा," मालक मेट्रनबाईंकडे पाहत म्हणाले.

घुमीचे डोळे बांधले गेले. तिने काकांचं मनगट धरलं आणि फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "काका, बटण राहू द्या. तुम्हाला जे सापडावंसं वाटतं, त्याचा विचार करा."

हात गार होता आणि दगडासारखा जड. घुमी हलली नाही. भिंतीमागे घरघर चालू होती. कुणीतरी खाकरलं. मालकांनी घड्याळ पाहिलं. तरी ती उभीच राहिली, कारण आता ओढलं तर सगळं फुकट जाणार होतं.

मग मनगट केसभर पुढे सरकलं.

ती त्याच्या मागून निघाली. एक पाऊल, दुसरं पाऊल. टेबलं मागे पडली. पायाखालची फरशी गरम लागू लागली. काका थांबले तेव्हा तिच्या कपाळाला लोखंडाची धग जाणवत होती.

"तिकडे नको, गरम असतं तिथे," मालक पुढे आले. "पोरांचं काम नाही ते."

"शब्द दिलाय तुम्ही," वकील म्हणाला. "मेट्रनबाई साक्षीला आहेत."

"किल्ली इथं नाहीये."

काकांनी मोकळ्या हाताने खिशातून किल्ली काढली.

"आत काय आहे?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"झडपेवर जादा वजन आहे, बाई," काका म्हणाले. "झडप लवकर उघडायची, वाफ जायची, यंत्रं थंड पडायची. दुरुस्तीला दोन दिवस बंद ठेवावं लागलं असतं. मालकांनी सांगितलं, सोमवारचं काम मार्गी लागेपर्यंत बांधून ठेव. सांगितलं यांनी, पण बांधलं मी. आधी सगळ्यांना बाहेर काढा. पोरांना पहिलं."

कुणी ओरडलं नाही. आईने घुमीची पट्टी ओढून काढली, टाचणीला कडेवर घेतलं आणि सगळे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. काका एकटेच आत होते. आग एकदम विझवून चालत नाही, ती हळूहळू उतरवावी लागते, असं ते जाताना सांगून गेले होते. दीड तास सगळे रस्त्यावरून छपरावरच्या नळीकडे पाहत होते. मेट्रनबाईंनी फोन करून सरकारी बॉयलर निरीक्षकांना बोलावून घेतलं. मालक बाजूला उभे होते आणि त्यांच्याजवळ कुणीच गेलं नाही.

काका घामाने निथळत बाहेर आले, तेव्हा आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरलं आणि आधी सगळ्यांची माफी मागितली.

निरीक्षक दोन तास आत होते. बाहेर येऊन त्यांनी दाराला सील ठोकलं. पिंपाचा एक सांधा फुगला होता, इस्त्रीयंत्राच्या बाजूचा. सोमवार कुणाला दिसला असता याची खात्री नव्हती, असं ते मालकांना सगळ्यांदेखत म्हणाले. काका खरं बोलले हे अहवालात येईल, पण त्यांच्या चुकीचीही नोंद होईल. झडप बदलून तपासणी होईपर्यंत एकही चादर इथे येणार नाही, असं मेट्रनबाईंनी सांगितलं. त्यानंतर तिन्ही पोरांशी हात मिळवून त्या गेल्या. वकिलाने तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"माझं चुकलं गं," आई घुमीला म्हणाली. "झरोक्यातून तुम्हाला दिसलं, आणि मी रोज त्या भिंतीला पाठ लावून उभी होते."

निरीक्षकांनी घुमीला जवळ बोलावलं. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, त्यांनी हसत मनगट पुढे केलं. "तूच का ती? मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?"

घुमीने मनगट धरलं. चेहरा हसत होता, पण हात थरथरत होता. आत त्यांनी जे पाहिलं होतं, ते अजून त्या हातातून गेलं नव्हतं.

मग तिने मनगट अलगद सोडलं.

"नाही ओळखता येत," ती म्हणाली.

निरीक्षकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचं हसू मावळलं होतं, पण आवाज मऊ झाला होता.

"चांगली मनकवडी होशील तू," ते म्हणाले.