चार अंश डावीकडे

गाडीतून उतरल्या उतरल्या भिंगरीने पुढच्या टायरला सणसणीत लाथ हाणली.

"टायरने तुमचं काय घोडं मारलंय?" खालून आवाज आला.

सकाळच्या सरीने धावपट्टी ओली होती आणि शेवटच्या रेषेपाशी एक चष्मेवाला पालथा पडून वेळ मोजणाऱ्या यंत्राची भिजलेली वायर जोडत होता. त्याने मान वर करायचेही कष्ट घेतले नव्हते.

"गाडी मधेच स्वतःहून ब्रेक मारते," ती फणकारली. "मी वळते आणि ती घाबरते."

"ती नाही घाबरत. तिला वाटतं, तुम्ही घाबरलात."

आता मात्र भिंगरीचं डोकं तापलं. पहिल्याच वर्षी तिने भर शर्यतीत गाडी तीनदा स्वतःभोवती फिरवली होती, तेव्हा क्लबातल्यांनी चिडवायला हे नाव ठेवलं. तिने ते हेल्मेटवर ठळक रंगवून घेतलं आणि मिरवलं. अशा बाईला कुणी घाबरट म्हणावं म्हणजे...

"म्हणजे काय?" तिने विचारलं.

तो उठून बसला. शर्टाला चिखल, चष्म्यावर पाण्याचे थेंब. "स्टिअरिंगखाली एक सेन्सर असतो. तो सांगतो, तुम्हाला कुठे जायचंय. दुसरा सांगतो, गाडी खरंच कुठे चाललीय. दोघांचं पटलं नाही की गाडी समजते, ताबा सुटला. मग ती एकेका चाकाला ब्रेक लावून तुम्हाला सावरते."

"मी बटण दाबून बंद करते ते."

"बटण दाबलं की ती झोपेचं सोंग घेते. तुम्ही जरा जोरात वळलात की पुन्हा जागी."

"मग फ्यूजच काढून टाकते."

"फ्यूज काढला की ब्रेकचीही अक्कल जाईल." त्याने चष्मा पुसला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "ते काम मी करणार नाही. पण गाडीला तुमची ओळख करून देऊ शकतो... हवी असेल तर."

क्लबात त्याला सगळे वायरवाला म्हणत. भिंगरीला तो शिष्ट वाटला. पुढच्या रविवारी ती बरोबर आठ वाजता गाडी घेऊन त्याच्या गॅरेजसमोर उभी होती.

तिची गरजच तशी होती. ऑटोक्रॉस म्हणजे केशरी शंकू मांडून आखलेली नागमोडी वाट. एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी, आणि शंकूला धक्का लागला की दोन सेकंदांचा दंड. मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत जो पहिला येईल तो एकटाच क्लबातर्फे मोठ्या स्पर्धेला जायचा. भिंगरी सलग दोन वर्षं दुसरी आली होती, तीही एका दातांच्या डॉक्टरच्या मागे. हा डॉक्टर इतका सभ्य, की त्याचा धड रागही करता येत नसे. यंदा तिला काही झालं तरी जायचं होतं.

सहा रविवार ते दोघं रिकाम्या धावपट्टीवर होते. ती चालवायची आणि तो शेजारी बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर आलेख बघायचा. रस्त्यासाठी गाडीची मूळ सेटिंग त्याने तशीच ठेवली. मैदानासाठी मात्र वेगळी बनवली, जिच्यात गाडीने मधे पडायच्या आधी बराच वेळ गप्प बसायचं होतं. किती वेळ, ते तो तिच्या हातांवरून ठरवत होता.

"तुमचा हात वळण यायच्या आधीच निघतो," एकदा तो म्हणाला.

"चूक आहे?"

"नाही. फार सुंदर आहे." मग घाईघाईने, "म्हणजे... आलेखात."

"आलेखात," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसली. बाबांची ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती. त्यांनीसुद्धा ही गोष्ट कधी टिपली नव्हती. तिच्या हातांचा असा अभ्यास आजवर कुणी केला नव्हता आणि तिला तो आवडत होता, उगाच कशाला नाकारा.

वायरवाल्याचाही एक ताठा होता. स्टिअरिंगच्या सेन्सरला सरळ म्हणजे काय हे शिकवावं लागतं. त्याला तो 'शून्य घेणं' म्हणायचा. स्टिअरिंगच्या माथ्यावर त्याने पिवळी पट्टी चिकटवली होती. तिला स्टिअरिंग सरळ धरायला सांगून तो बॉनेटसमोर उभा राहायचा, एक डोळा मिटून पट्टी निरखायचा आणि मगच लॅपटॉपवर कळ दाबायचा. "शून्य चुकलं की पुढचं सगळं खोटं," तो म्हणायचा. "आणि माझं शून्य आजवर चुकलेलं नाही."

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी चाकांची अलाइनमेंट झाली, म्हणून सकाळी मैदानावर त्याने शून्य पुन्हा घेतलं. आभाळ भरून आलं होतं. भिंगरीने केस वर बांधले, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि काचेतून विचारलं, "कशी दिसतेय?" तो म्हणाला, "सरळ," आणि त्याने कळ दाबली.

प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत डावीकडची वळणं तिने लोण्यासारखी घेतली, पण उजवीकडे वळली की गाडी आखडायची आणि ब्रेक मारायची. दुसऱ्या फेरीतही तेच. वेळ एकोणपन्नास सेकंद आठ. डॉक्टरच्या तीनही फेऱ्या झाल्या होत्या. त्याची सर्वोत्तम वेळ अठ्ठेचाळीस तीन.

"तुमचं सॉफ्टवेअर एका बाजूने भित्रं आहे," ती उतरून म्हणाली. आवाज नेहमीसारखाच चढा होता, पण डोळे भरत आले होते.

"चाकं नीट बसली नसतील," डॉक्टर सौम्यपणे म्हणाला.

बाबा छत्री मिटून जवळ आले. आठ-दहा जण जमले. वायरवाल्याने लॅपटॉप उघडला, सकाळची नोंद काढली आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. दोष चाकांवर ढकलून देणं सोपं होतं. कुणाला काही कळलंही नसतं.

"चाकं ठीक आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चूक माझी आहे. शून्य घेतलं तेव्हा स्टिअरिंग चार अंश डावीकडे होतं. मी बघितलं नाही."

जो ताठा माणूस सगळ्यात जास्त जपतो तो त्याने चारचौघांत खाली ठेवला होता, एकही सबब न सांगता. भिंगरीला राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि तोही असा, जणू हा माणूस तिचाच होता.

दहा मिनिटं उरली होती. ती गाडीत जाऊन बसली. तो खिडकीपाशी वाकला.

"स्टिअरिंगकडे बघत नव्हतात," तिने हळूच विचारलं, "मग कुठे बघत होतात?"

त्याने काचेवरचे थेंब बोटाने उगाच पुसले. "तुझ्याकडे."

सहा रविवारांचं 'तुम्ही' एका शब्दात गळून पडलं होतं, आणि ते उचलायला दोघांपैकी कुणी वाकलं नाही. भिंगरीच्या कानांपर्यंत लाली चढली.

"शून्य घे," ती म्हणाली. "आणि या वेळी पट्टीकडे बघ."

"बघतो."

तो समोर उभा राहिला, एक डोळा मिटला. तिने हात दगडासारखे स्थिर धरले. ओठ मात्र काही केल्या सरळ राहीनात. त्याने तिकडे न बघता कळ दाबली. फार कष्ट पडले असावेत.

तिसऱ्या फेरीला पाऊस बारीक सुरू झाला. भिंगरी सुटली आणि गाडी तिच्यासोबत सुटली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे... शंकू खिडकीला लागून जात होते आणि कुणी मधे पडत नव्हतं. वळण यायच्या आधीच हात निघत होते आणि गाडीला ते कळत होतं. फक्त शेवटच्या वळणावर, पाण्यात मागची चाकं खरंच निसटली तेव्हा, गाडीने एका चाकाला हलकेच धरलं आणि लगेच सोडलं. फ्यूज काढला असता तर ती तिथेच गरगरली असती. ती सरळ होऊन रेषेपार गेली.

सत्तेचाळीस सेकंद नऊ. एकही शंकू पडला नव्हता.

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या डॉक्टरने. वीस वर्षं तिला "सावकाश" म्हणत आलेले बाबा आज नुसते उभे होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माझी मुलगी आहे."

वेळ नोंदवणाऱ्या काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मोठ्या स्पर्धेचा फॉर्म पुढे केला. भिंगरी अजून हेल्मेटचा पट्टा सोडवत होती, म्हणून वायरवाल्याने तो भरला: तिचं नाव, गाडीचा नंबर. 'सोबत येणारी व्यक्ती' या रकान्यात त्याने स्वतःचं नाव घातलं, आणि पुढे 'नातं' असं होतं तिथे नेटक्या अक्षरात लिहिलं: तंत्रज्ञ.

भिंगरीने फॉर्म वाचला. "काकू, दुसरा द्या. यात चूक झालीय."

"कुठे?" काकूंनी चष्मा सावरला. "सगळं व्यवस्थित दिसतंय की."

"नातं चुकलंय."

काकूंनी वायरवाल्याकडे पाहिलं. तो पार टोमॅटो झाला होता. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं.

बाबा खाकरले. "द्या दुसरा," ते म्हणाले. "आणि पेन तिच्याकडे द्या."

भिंगरीने सगळा फॉर्म पहिल्यापासून भरला. शेवटच्या रकान्यात मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं 'होणारा नवरा', आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "खाली तुझी सही लागते."

त्याने दोनदा वाचलं, आणि सही केली.