मनउतारा

"एवढं एरंडेल? खांबाला चोपडतेयस की पापड तळायला घेतलेस?"

केतकीच्या कानामागच्या बटणातून तिच्या प्रशिक्षक घोलपबाई पुटपुटल्या. केतकीने निमूटपणे फडकं घेतलं. नाशिकच्या त्या सभागृहात मल्लखांबाच्या राज्य निवडीत आता तिचीच पाळी होती. खाली गादी सरळ करणाऱ्या नलूमावशीच्या, म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीच्या, कानामागेही तसंच बटण होतं.

"ताई आज फॉर्मात आहे," ती म्हणाली.

चैत्रात बाईंच्या मेंदूवर शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा आधी डॉक्टरांनी त्यांचा मनउतारा काढून ठेवला. आठवणी, सवयी, निर्णय घ्यायची रीत, सगळ्याची यंत्रात उतरवलेली नक्कल. शस्त्रक्रियेनंतर बाई जाग्या झाल्याच नाहीत. श्वास चालू, डोळे मिटलेले, अशा त्या साताऱ्याला घरी अंथरुणावर होत्या. उतारा मात्र तीन आठवड्यांत केतकीवर खेकसू लागला. 'ताईची कूस बदलली' आणि 'ताई ओरडली' ही दोन्ही वाक्यं नलूमावशी रोज बोलायची, फक्त एका दमात कधी नाही. आखाड्यात कुणी तिला त्याबद्दल विचारतही नसे.

आज केतकीला बाईंनीच रचलेली उडी घ्यायची होती. खांबाच्या टोकाच्या बोंडावर पोट टेकायचं, हात सोडायचे, हवेत गिरकी घ्यायची आणि खाली खांबाला पायांची अढी घालायची. गेल्या वर्षी याच उडीत तिच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. त्या दिवशी बाई गावी गेल्या होत्या. खाली उभ्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "उतर. माझ्या पोटात गोळा आलाय." बाईंचा तो गोळा वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

केतकी बोंडावर पोचली.

"घे," बाई म्हणाल्या.

"गोळा?"

"पकड नीट आहे. खांद्याचा कोन बरोबर. तेल बेताचं."

"ते नाही विचारलं, बाई."

छताजवळच्या कॅमेऱ्यातून बाई बघत होत्या. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं.

"गोळा यायला पोट लागतं," बाई म्हणाल्या. "तुला आहे ना? विचार त्याला."

केतकी दोन श्वास थांबली. पोटात भूक होती, थोडी भीतीही. गोळा नव्हता.

"घेते, बाई."

हात सुटले. छत खाली गेलं, गादी वर आली, आणि अढी अशी बसली की तेलकट कातडीचा चर्र आवाज नलूमावशीला खालून ऐकू आला. मग टाळ्या. केतकी उलटी लटकून हसत होती.

ती उतरली तरी बाई काही बोलेनात. केतकीने बटण चाचपून पाहिलं. नलूमावशीने तिचे तेलकट खांदे धरले, स्वतःचे डोळे दंडाला पुसले.

"आज ताई असती ना, तर तिचा ऊर…"

केतकीने मान खाली घातली.

"पुरं कर की, नलू," दोघींच्या कानांत बाई म्हणाल्या. "भरून आला असता. खरंय. ऊर तिकडं साताऱ्याला अंथरुणावर आहे, तो माझा नाही. पण मग इथं हे आत्ता भरून आलंय, ते कुणाचं गं?"